मालक दुरुस्ती करत नाहीत आणि आता वाड्यावर धोकादायक इमारतीची नोटीस लागली आहे : भाडेकरूंनी काय करावे?

प्रश्न : पेठेतील_भाडेकरू

सर्वांना नमस्कार. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतील एका जुन्या वाड्यात आमचे कुटुंब माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून भाड्याने राहते. वाड्यात आमच्यासह चार बिऱ्हाडे असून आमचे भाडे दरमहा १८० रुपये आहे. मालकांचे कुटुंब आता पुण्यात स्थायिक आहे आणि वाड्याचे सगळे व्यवहार त्यांचे एक भाचे पाहतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी जोत्यावर चढले, जुलै २०२१ मध्ये तेच पुन्हा झाले, आणि तेव्हापासून परसाकडील पांढऱ्या मातीच्या भिंतीचे पोट सुटत चालले आहे. माडीखालच्या एका तुळईचे टोक भिंतीतून बोटभर बाहेर सरकले असल्यामुळे आम्ही स्वखर्चाने खाली लाकडी टेकू दिला आहे. दुरुस्तीबद्दल मालकांना वारंवार सांगितले, परंतु सगळे बोलणे फोनवर झाले आणि प्रत्येक वेळी 'पावसाळा सरू दे, मग बघू' एवढेच उत्तर मिळाले. पुढे भाच्यांनी भाडे स्वीकारणेच बंद केले. 'आता भाडे नको, तुम्ही दुसरी जागा बघा,' असे ते तोंडी सांगतात.

आता महापालिकेने वाड्याच्या दारावर धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवली आहे. तीत मालक आणि भोगवटादार (प्रत्यक्ष राहणारे) या दोघांचाही उल्लेख आहे. नोटीस लागल्यावर भाच्यांना चिंता वाटण्याऐवजी हायसे वाटलेले दिसले, ही गोष्ट आम्हा सर्वांनाच खटकली.

जागा सोडली तर आमचा हक्क जाईल काय? सोडली नाही आणि भिंत कोसळली तर जबाबदारी कोणाची? आणि इतकी वर्षे दुरुस्ती टाळणाऱ्या मालकाला कायद्याने काही जाब विचारता येतो की नाही?

उत्तर १ : दिवाणी_वकिली

ताई, मी कोल्हापूरच्या दिवाणी न्यायालयात भाडेकरू आणि मालक अशा दोन्ही बाजूंची कामे करतो. आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण स्वतःच लिहिली आहे : सगळे बोलणे फोनवर झाले. न्यायालयात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध होतो तो तारीख आणि पोच असलेल्या कागदाने, म्हणून आजपासून प्रत्येक गोष्ट लेखी करावी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने याविरुद्ध करार करून दिला असेल तरच गोष्ट वेगळी. मालक दुर्लक्ष करत असेल तर भाडेकरूने, किंवा सर्व भाडेकरूंनी मिळून, किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊन तो खर्च भाड्यातून वळता करू शकतात किंवा अन्य मार्गाने वसूल करू शकतात. खर्चाच्या पावत्यांसह ठेवलेला हिशेब मालकावर बंधनकारक असतो.

ऐकायला हे फार चांगले वाटते. परंतु एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही. आपले वार्षिक भाडे २,१६० रुपये, म्हणजे वळती करता येणारी रक्कम ५४० रुपये. एवढ्यात तुळई बदलणे सोडाच, सुतार वाडा पाहायलाही येणार नाही. तरीही ही नोटीस द्यावीच, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे वसूल होण्यासाठी नव्हे, तर धोक्याची माहिती मालकाला अमुक तारखेला लेखी मिळाली होती हे नोंदवून ठेवण्यासाठी तिचा उपयोग आहे. उद्या भिंत पडून कोणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि 'मला याची कल्पनाच नव्हती' हा बचाव त्या नोटिशीमुळे टिकत नाही. दिवाणी नुकसानभरपाईचा दावाही याच कागदावर उभा राहतो.

आता भाचे निश्चिंत का दिसतात ते सांगतो. इमारत पाडून नवी बांधायची म्हणून मालकाला न्यायालयातून ताबा हवा असेल, तर पैशाची तरतूद आहे, नकाशे तयार आहेत आणि नव्या इमारतीत भाडेकरूंना जागा देऊ अशी लेखी हमी आहे, हे सगळे त्याला दाखवावे लागते. महापालिकेच्या आदेशाने इमारत पाडायची असेल, तर मात्र कलम १६ मध्ये त्यासाठी ताबा मागण्याचे वेगळे कारण दिलेले आहे आणि तिथे मालकावर असा भार नाही. त्यामुळे काही मालकांच्या हिशेबात सर्वांत स्वस्त मार्ग असतो तो काहीच न करण्याचा. चार पावसाळे भिंत भिजू दिली की उरलेले काम महापालिका करते.

परंतु इमारत पडल्याने किंवा पाडल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने शहा रतनशी खिमजी प्रकरणात २०१४ मध्ये हे स्पष्ट केले आहे, कारण भाडेपट्टा केवळ भिंती-छपराचा नसून त्याखालील जमिनीचाही असतो. म्हणून जिवाला धोका असेल तर जागा जरूर रिकामी करावी, पण ती सुरक्षिततेसाठी तात्पुरती सोडत असून भाडेकरू हक्क कायम राखून सोडत आहोत, असे मालक आणि महापालिका या दोघांनाही आधी लिहून कळवावे. भाच्यांनी पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर, विशेषतः 'ताबापावती' किंवा 'हक्कसोड' असा शब्द असलेल्या कागदावर, सही करू नये.

भाड्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. मालक भाडे घेत नाही म्हणून आपण स्वस्थ बसलो, तर पुढे 'थकबाकीदार' हा शिक्का आपल्यावरच बसतो. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी मालकाला नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते, हे खरे; परंतु भाडे देण्याची आपली तयारी होती हे आपल्याकडे आधीपासूनच लेखी असावे. दरमहा ई-मनीऑर्डरने किंवा मालकाच्या बँक खात्यात भाडे पाठवावे आणि नाकारले तर नकाराची नोंद जपून ठेवावी.

उत्तर २ : राजारामपुरी_फ्लॅट

वरील उत्तर उत्तम आहे, पण ते सर्वांना लागू पडेल असे समजू नये, म्हणून थोडी भर घालतो. राजारामपुरी, शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांत आज जे लोक फ्लॅट भाड्याने घेतात, ते बहुधा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतात. कायद्याच्या दृष्टीने ते भाडेकरू नसून परवानाधारक असतात, आणि कलम १४ भाडेकरूसाठी आहे. यातील विसंगती पाहण्यासारखी आहे : जिथे भाडे नऊ हजार आहे आणि वर्षाला सत्तावीस हजारांपर्यंत दुरुस्ती वळती करता आली असती, तिथे माणूस भाडेकरूच नाही, आणि जिथे तो खरा भाडेकरू आहे, तिथे भाडे १८० रुपये!

त्यामुळे फ्लॅट घेणाऱ्यांनी गळती, पाण्याची मोटर, सांडपाण्याची वाहिनी यांची दुरुस्ती कोणी आणि किती दिवसांत करायची, हे करारातच लिहून घ्यावे. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर कलम २४ नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, म्हणून अनामत रक्कम परत मिळेपर्यंत अडून बसण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. करार नोंदवून घेण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोपर्यंत मालक उलट सिद्ध करत नाही.

आणखी एक. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याचा हवाला देऊन 'अनामत दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही' असे संदेश फिरत असतात. तो केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे आणि महाराष्ट्राने तो लागू केलेला नाही.

उत्तर ३ : गंगावेश_वाडामालक

येथे मालकाची बाजू कोणीच मांडत नाही, म्हणून लिहितो. आमचाही वाडा आहे आणि त्यात तीन भाडेकरू आहेत. कायद्याने भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते, म्हणजे १८० रुपयांवर सात रुपये वीस पैसे. एवढ्यात टपरीवरचा चहाही येत नाही. कौले उतरवून पुन्हा शाकारायची म्हटली तरी त्या भाड्याची कित्येक वर्षे खर्ची पडतात. मुंबईत जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या) इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ १९६९ च्या कायद्यापासून आहे; कोल्हापूरच्या पेठांसाठी अशी कोणतीही व्यवस्था नाही. मालक पैसा आणणार कोठून?

मात्र भाडे घेणे बंद करून नोटिशीची वाट पाहत बसणे हे मला पटत नाही, आणि त्या भाच्यांच्या वागण्याचे मी समर्थनही करत नाही. आमच्याकडे आम्ही तिन्ही भाडेकरूंना एकत्र बसवून छपराचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला आणि त्याचा साधा लेखी करार केला. भाडेकरूंनी केलेला खर्च पुनर्विकासाच्या वेळी हिशेबात धरला जाईल, असे त्यात नमूद आहे. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियमावलीत भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी वाढीव चटई क्षेत्राची, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकाम करू देण्याची, तरतूद आहे. पेठेतील गल्ली अरुंद असते, प्लॉट लहान असतो आणि हिस्सेदार दहा ठिकाणी विखुरलेले असतात, म्हणून हे सहज जमत नाही. पण भाडेकरूंना विश्वासात घेतल्याखेरीज तर ते मुळीच जमत नाही.

उत्तर ४ : दिवाणी_वकिली

गंगावेशच्या मालकांचे म्हणणे रास्त आहे. पण परवडत नाही म्हणून दुरुस्ती न करणारा मालक आणि परवडत असूनही मुद्दाम न करणारा मालक यांत फरक करायला हवा. भाडे नाकारणे, जिन्यातला दिवा काढून नेणे, सामायिक नळाचे कनेक्शन तोडणे ही दुसऱ्या प्रकारच्या मालकाची ओळख आहे. पाणी, वीज, संडासाची सोय अशा आवश्यक सेवा वाजवी कारणाशिवाय तोडण्यास कलम २९ ने मनाई आहे. न्यायालय त्या पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश देऊ शकते आणि अशा मालकावर फौजदारी कारवाईही होऊ शकते. मुंबई, पुणे आणि नागपूर येथे असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. कोल्हापुरात ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे दाखल करावे लागतात.

उत्तर ५ : स्थापत्य_अभियंता

मी बांधकामाचा माणूस आहे, म्हणून कायद्याचे सोडून नोटिशीकडे आणि भिंतीकडे वळतो.

प्रथम नोटीस नीट वाचा. धोकादायक इमारतींची वर्गवारी सी-१, सी-२अ, सी-२ब आणि सी-३ अशी केली जाते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२अ म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करण्याजोगी. सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होण्याजोगी. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. नोटिशीत वर्ग दिलेला नसेल, तर तो कोणता आणि कोणत्या तपासणीवरून ठरवला, हे विभागीय कार्यालयात लेखी विचारा. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालये आहेत. आपला वाडा ज्याच्या हद्दीत येतो तिथे अर्ज देऊन आवक शिक्क्याची प्रत घ्या. 'नोटीस आली, निघा' असे म्हणणारा मालक अनेकदा सी-२ब ची नोटीस सी-१ असल्यासारखी दाखवतो.

दुसरे असे, की महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे आवश्यक आहे, आणि हे कर्तव्य मालक किंवा भोगवटादार असे दोघांच्याही नावाने लिहिलेले आहे. याचा लाभ असा, की मालकाने आणलेल्या अहवालावर आपल्याला विसंबून राहावे लागत नाही. चारही बिऱ्हाडांनी वर्गणी काढून स्वतंत्र अहवाल घ्यावा.

भिंतीबद्दल आपण जे लिहिले आहे ते मात्र गंभीर आहे. मातीची भिंत पाण्यात उभी असते तोवर एक वेळ टिकते, पण पूर ओसरल्यावर तळाची ओली माती वरचा भार पेलू शकत नाही. पोट सुटलेल्या भिंतीवर बाहेरून सिमेंटचा गिलावा मारू नका. आत मुरलेले पाणी कोंडते आणि बाहेरून भिंत धडधाकट दिसत राहते. टेकूचा पाय थेट शहाबादी फरशीवर टेकवला असेल तर फरशीखाली पोकळी आहे का ते ठोकून पाहा आणि पायाखाली जाड फळी आडवी द्या. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून तारीख टाका आणि मधले अंतर दर आठवड्याला मोजा. अंतर वाढत असेल तर अहवालाची वाट पाहू नका, त्या बाजूच्या खोलीत झोपणे त्याच दिवशी बंद करा.

पेठेतील_भाडेकरू

सर्वांचे मनापासून आभार. नोटिशीवर सी-२अ असे लिहिले आहे. त्याचा अर्थ आत्ता कळला. आता दोन शंका आहेत. आमच्याकडे भाडेकरार नाही, आणि ज्या भाडेपावत्या होत्या त्यांतील बहुतेक २०१९ च्या पुरात भिजून गेल्या. भाडेकरू असल्याचे सिद्ध कसे करायचे? आणि मधल्या काळात आम्हीच ती भिंत विटांमध्ये बांधून घेतली तर चालेल काय? शेजारच्या बिऱ्हाडाची तशी तयारी आहे.

उत्तर ६ : दिवाणी_वकिली

आधी भिंतीचे सांगतो, कारण तिथे मोठा धोका आहे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने पक्के बांधकाम केले, तर कलम १६ नुसार ते ताबा परत मागण्याचे कारण ठरते. लाकडी फळ्यांची आडभिंत, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी खिडकी, छताखालचे आच्छादन अशा कामांना त्यातून वगळले आहे. मातीची भिंत पाडून विटांची बांधणे या यादीत नाही. दुरुस्ती आणि नवे बांधकाम यांतील सीमारेषा न्यायालयात दोन्ही बाजूंनी ओढली जाते. म्हणून आधी कलम १४ ची नोटीस द्यावी, मुदत संपू द्यावी, अभियंत्याचा अहवाल हाती घ्यावा, महापालिकेची परवानगी घ्यावी, आणि मगच अहवालात सांगितले तेवढेच काम करावे. तोपर्यंत टेकूवर भागवा.

पुराव्याची फार काळजी करू नका. महापालिकेच्या घरफाळा आकारणी नोंदीचा उतारा काढा. भोगवटादाराच्या रकान्यात आपल्या सासऱ्यांचे किंवा यजमानांचे नाव असण्याची बरीच शक्यता आहे. भाडेकरू दाखवला की घरफाळा वाढतो, म्हणून अलीकडे अनेक मालक ते नाव लावत नाहीत किंवा काढून टाकतात, तेव्हा जुन्या वर्षांचे उतारेही मागा. २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पंचनामे आणि सानुग्रह अनुदानाची नोंद यांत पत्ता असतो. नुकसान झालेल्या घरात तुम्ही राहत होता हे सरकारी कागदानेच सिद्ध होते. वीजबिल, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले आणि जुनी मतदारयादी हे कागदही उपयोगी पडतात.

सी-२अ असल्यामुळे दुरुस्तीसाठी जागा रिकामी करावी लागेल. तसे करण्यापूर्वी विभागीय कार्यालयाकडे अर्ज करून प्रत्येक बिऱ्हाडाचे नाव, खोल्या आणि मोजमाप यांची यादी करून मागा आणि तिची प्रत घ्या. मोजणी होत नसेल, तर अभियंत्याकडूनच मोजमापाचा नकाशा सहीशिक्क्यानिशी करून घेऊन तो मालकाला आणि महापालिकेला पाठवा. दुरुस्तीसाठी ताबा घेणाऱ्या मालकावर काम झाल्यावर भाडेकरूला परत जागा देण्याचे बंधन कायद्यात आहे, पण मालक न्यायालयात न जाता केवळ नोटिशीच्या आधारे जागा रिकामी करून घेत असेल, तर परत येण्याची तारीख आणि अटी आपणच लिहून घ्यायला हव्यात. तो लिहून देत नसेल तर जागा सोडण्यापूर्वी मनाई हुकमासाठी आणि दुरुस्तीच्या आदेशासाठी दावा दाखल करावा. त्या दाव्यात महापालिकेलाही पक्षकार करावे.

फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे अर्ज आपल्या नावाने करा. वाद पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला, तरी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचतील.

आणि एक गोष्ट राहिली. बाहेर राहायला गेल्यावर खोली नुसती कुलूपबंद ठेवून विसरू नका. वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, हेही ताबा मागण्याचे एक कारण आहे. जागा धोकादायक असल्यामुळे वापरता येत नाही असे दर दोन-तीन महिन्यांनी मालकाला स्पीड पोस्टाने कळवत राहा, सोबत भाडे पाठवत राहा, आणि किल्ली भाच्यांच्या हाती देऊ नका. अभियंत्याला किंवा कामगारांना आत जायचे असेल तेव्हा आपल्यापैकी कोणीतरी जाऊन दार उघडून द्यावे.